रंगाआधीची भिंत : ओल तपासण्यापासून प्राइमरपर्यंत

दिवाळीपूर्वी घर रंगवण्याची आपल्याकडे रीत असली, तरी चार महिने पाऊस झेललेली बाहेरची भिंत दसऱ्यापर्यंत आतून वाळलेली असतेच असे नाही. म्हणून रंगाची छटा ठरवण्याआधी ओल तपासावी. फूट-दीड फूट लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आतून दव धरले असेल किंवा तेवढाच भाग काळपट दिसत असेल, तर काम थांबवून पाणी कुठून येते ते शोधावे. बाहेरच्या गिलाव्यातले तडे, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट आणि पलीकडच्या न्हाणीघरातील नळाचे सांधे ही नेहमीची ठिकाणे. आमच्या घरी न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरची ओल रंगाऱ्याने ‘वॉटरप्रूफ’ लेपाखाली झाकली. सहा महिन्यांत लेपासकट रंगाचे पोपडे सुटले आणि दोष निघाला नळाच्या एका सांध्यात. गिलावा नवा असल्यास त्यावर पाणी मारण्याचे दिवस संपल्यानंतर निदान महिनाभर तो वाळू द्यावा.

जुन्या भिंतीवरून तळहात फिरवून पाहावा. हाताला पांढरी पूड लागली, तर खाली चुना किंवा भुसभुशीत झालेले डिस्टेंपर आहे. तशाच भिंतीवर प्राइमर (रंगाआधी द्यायचा, रंगाला पकड देणारा थर) मारल्यास तो भिंतीला न धरता त्या पुडीला धरतो आणि पुढे तिच्यासकट सुटतो. अशी भिंत पाण्याने भिजवून पत्र्याने (रंगाऱ्याच्या पातळ पात्याने) पार गिलाव्यापर्यंत खरवडावी. रंगारी येथेच हात आखडता घेतात, कारण हे काम कष्टाचे असून पूर्ण झाल्यावर कुठेच दिसत नाही. जुना ऑइलपेंट घट्ट असेल तर तो काढण्याची गरज नाही, फक्त त्याची चकाकी जाईपर्यंत घासावा. मात्र घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो ओला करून वॉटरपेपरनेच (पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने) घासावा, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि पडलेला कचरा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावा.

भिंतीवर फुललेला पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडावा. धुतल्यास तो विरघळून पुन्हा आत शिरतो. काळी बुरशी असल्यास एक भाग ब्लीच व तीन भाग पाणी लावून थोड्या वेळाने धुवावी. या ब्लीचमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रव्य चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

मग बोटाच्या पेराने भिंत ठोकत जावे. पोकळ आवाज येईल तेवढा गिलावा फोडून नव्याने करावा. केसासारखी चीर नुसती वरून भरली तर ती पुन्हा उमटते. पत्र्याच्या कोपऱ्याने ती थोडी रुंद करावी, धूळ काढावी आणि मगच क्रॅक फिलर दाबून भरावे. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावरची चीर हलती असल्याने तिच्यावर फायबरची जाळीपट्टीही लावावी.

मग भिंत सपाट करणाऱ्या लगद्याचा, म्हणजे पुट्टीचा थर. पुट्टी व्हाइट सिमेंटची असल्यास भिंत आधी ओलसर करावी आणि कालवलेली पुट्टी घट्ट होण्याआधी संपेल इतकीच करावी. ॲक्रिलिक पुट्टीला मात्र कोरडी, प्राइमर मारलेली भिंत लागते. दोन पातळ हात पुरेत. एकाच जाड थरात खड्डे बुजवण्याचा मोह टाळावा, कारण जाड थर वाळताना तडकतो. वाळल्यावर आधी १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. घासताना खोलीतला दिवा मालवून पेटलेला बल्ब भिंतीलगत तिरका धरावा. समोरून सपाट वाटणाऱ्या भिंतीवरील पत्र्याच्या रेघा आणि उंचवटे त्यांच्या सावल्यांमुळे लगेच दिसतात.

घासल्यानंतर भिंतीवरची धूळ ब्रशने व किंचित ओल्या फडक्याने काढून, ती वाळल्यावर प्राइमर घ्यावा. डबा तळापासून ढवळावा आणि डब्यावर लिहिले आहे तेवढेच पाणी घालावे. जादा पाण्याने डबा जास्त भिंतींना पुरतो खरा, पण वाळल्यावर बोट फिरवले की त्यावर पूड येते. कोपरे आणि कडा ब्रशने करून मधला भाग रोलरने भरावा. वाळायला साधारण चार ते सहा तास लागतात. हवा दमट असेल तर रात्रभर थांबणे बरे.

पांढऱ्या प्राइमरवर आधी न दिसलेले खड्डे हमखास दिसू लागतात. ते पुट्टीने भरून घासावेत आणि तेवढ्या जागी प्राइमरचा पुन्हा एक हात मारावा. नाहीतर ती कोरी पुट्टी रंग जास्त पिते आणि खिडकीतून ऊन तिरपे आले की तिथे निस्तेज डाग दिसतो.