सभेत बोलताना आत्मविश्वास खचतो? या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की सांगली जिल्ह्यात सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो, कारण आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, ही सभा घेण्याचे कायद्याचे बंधन आहे. अशाच एका संस्थेच्या सभेला मी काही वर्षांपूर्वी अहवालाच्या चौदाव्या पानावर पेन्सिलीने खूण करून गेलो होतो. त्या पानावरील एका खर्चाचा आकडा मला उमगला नव्हता आणि तेवढाच विचारायचा होता. विषय वाचला गेला, मागच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा गजर झाला, मी अर्धा उठलो, घशाला कोरड पडली, आणि जणू खुर्ची सरकवण्यासाठीच उठलो होतो असे भासवून पुन्हा बसलो. परतताना आयर्विन पुलावर मात्र तोच प्रश्न मी मनातल्या मनात इतक्या ठसक्यात विचारला, की तसा तो सभेत विचारला असता तर व्यासपीठावरील मंडळींना कागद चाळावे लागले असते.

पुढे शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी विश्रामबागेत घरीच आठवड्यातून एकदा आठ-दहा जणांना सभेत बोलण्याच्या सरावासाठी बसवू लागलो. दूध संस्थेचे सभासद, बचत गटातील महिला, मुलाखतीला निघालेली मुले असे नाना प्रकारचे लोक येतात. परंतु त्यांच्या चुका आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या असतात, आणि त्यांतील बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत.

आधी धीर येईल, मग बोलू

सर्वांत मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटी जन्मतात. आत्मविश्वास ही बोलण्यापूर्वी गाठीशी असावी लागणारी शिदोरी आहे असे समजून माणूस ती जमण्याची वाट पाहत राहतो आणि वर्षे निघून जातात. आपल्या भाषेत यासाठी ‘सभाधीट’ असा नेमका शब्द आहे. त्यात सभा आधी आहे आणि धीटपणा नंतर. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये स्वक्षमतेविषयी जी मांडणी केली तिचा रोखही हाच आहे. एखादी गोष्ट आपल्याला जमेल हा विश्वास चार मार्गांनी येतो, असे त्यांनी मांडले: स्वतः ती करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कोणी धीर दिल्याने, आणि त्या वेळी आपल्या शरीराची जी अवस्था असते तिच्यावरून. यांत सर्वांत बळकट मार्ग पहिला. ‘घाबरू नकोस, तुला येईल’ हे घरच्यांचे बोल प्रेमाचे असतात, पण त्यांचा टिकाव सभागृहाच्या दारापर्यंतच लागतो.

मग सुरुवात कोठून करावी? व्यासपीठावरून तर मुळीच नको. आपल्या सभांच्या रीतीतच लहान पायऱ्या तयार आहेत आणि त्या कोणी वापरत नाही, याचे मला नवल वाटते. ‘या ठरावाला माझे अनुमोदन आहे’ हे एक वाक्य उभे राहून, स्वतःचे नाव सांगून म्हणणे ही पहिली पायरी. त्यात विचार मांडायचा नसतो, कोणाशी वाद घालायचा नसतो, आणि तरीही आपला आवाज भरल्या सभेत आपल्याच कानांनी ऐकायला मिळतो. त्यानंतर दोन वाक्यांचे आभारप्रदर्शन, त्यानंतर एक साधा प्रश्न, आणि मत मांडणे सर्वांत शेवटी. गावातील महिलांसाठी आणखी एक सोय आहे: ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. जो मुद्दा ग्रामसभेत मांडायचा तो तेथे एकदा बोलून घेतलेल्या बाईचा स्वर दुसऱ्या दिवशी वेगळाच लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अक्षरन् अक्षर पाठ करणे

ही खोड शाळेतील वक्तृत्व स्पर्धांनी लावली आणि ती लावण्यात माझाही हात आहे, कारण मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाच-पाच पानांची भाषणे घोकून घेतली. पाठ केलेले भाषण माळेसारखे असते. एक मणी निसटला की पुढचे सारे घरंगळतात. मुलगा ‘आणि म्हणूनच...’ येथे अडतो, छताकडे पाहतो, पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो आणि नेमका त्याच जागी पुन्हा अडतो. त्याला विषय कळलेला नसतो असे नाही. त्याला फक्त पुढचा शब्द आठवत नसतो.

सांगलीकरांनी तरी ही चूक करू नये. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने याच गावात ‘सीता स्वयंवर’ सादर केले. त्या काळच्या या नाटकांत पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रांची गद्य भाषणे लिहिलेली नसत. कथेचा क्रम ठाऊक असलेली पात्रे आपापले बोलणे आयत्या वेळी रचत. ज्या सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो तेथील पहिले नाटक पाठांतरावर नव्हे, तर क्रम पक्का असण्यावर उभे राहिले. आपणही तेवढेच करावे. पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य पाठ असावे, मधले तीन मुद्दे प्रत्येकी दोन-तीन शब्दांत लिहून घ्यावेत, आणि सराव करताना दर वेळी मुद्दाम निराळे शब्द वापरावेत. सराव मनात नव्हे, तर मोठ्याने आणि उभे राहून करावा. मनातल्या मनात सगळेच उत्तम वक्ते असतात, आयर्विन पुलावरचा मीही होतो.

धडधड म्हणजे अपात्रता, असे मानणे

पाळी जवळ आली की काळीज धडधडते, तळवे घामेजतात, तोंड कोरडे पडते. हे अ‍ॅड्रेनलिनचे काम आहे. शरीर एका मोठ्या कामाची तयारी करत असते. चूक होते ती पुढच्या विचारात: ‘मला एवढी धडधड होते, म्हणजे हे माझे काम नव्हे.’ नामांकित वक्त्यांनाही ही धडधड चुकत नाही आणि बोलायला लागल्यावर बहुतेकांची ती काही मिनिटांत उतरू लागते, म्हणून सर्वांत कठीण असतात ती पहिली काही वाक्ये. या वेळी ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावणे फारसे उपयोगी पडत नाही, कारण उधळलेल्या बैलाला एकदम थांबवण्यापेक्षा वळवणे सोपे असते. हार्वर्डमधील संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणे श्रोत्यांना अधिक प्रभावी वाटली. मराठीत हे वाक्य थोडे नाटकी वाटते, म्हणून आमच्या सरावात आम्ही ‘आज सांगायला मजा येणार’ असे म्हणतो. हसू येते, पण त्या हसण्यानेही श्वास मोकळा होतो.

याला जोडूनच दुसरा गैरसमज असतो, की आपली ही अवस्था सगळ्यांना दिसते आहे. ती आपल्याला वाटते तितकी दिसत नाही. केनेथ सविट्स्की आणि टॉमस गिलोविच यांनी 2003 मध्ये दाखवून दिले, की वक्त्याला स्वतःची अस्वस्थता जेवढी उघड वाटते तेवढी ती श्रोत्यांना जाणवत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एवढी एक गोष्ट आधी सांगितलेल्या लोकांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. नुसता धीर दिलेल्यांची नाहीत. ज्याला हे पटत नाही त्याचे बोलणे आम्ही फोनवर चित्रित करतो आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच दाखवतो. ‘माझे पाय लटपटत होते’ म्हणणाऱ्याला स्वतःचे पाय शोधूनही लटपटताना सापडत नाहीत.

‘शुद्ध’ बोलण्याच्या नादात अडखळणे

घरी ‘काय करायलाईस’ म्हणणारा माणूस माईक हातात आला की ‘आपण काय करीत आहात’ या वळणावर जातो, आणि त्याची निम्मी शक्ती क्रियापदे सांभाळण्यात खर्च होते. हा लेख मी प्रमाण मराठीत लिहितो आहे हे खरे. पण लिहिणे निराळे आणि गावच्या सभेत उभे राहणे निराळे. वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, ज्यांनी 1942 च्या आंदोलनानंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे केले, ते ओळखले जात ते रांगड्या गावरान बोलीतील भाषणांसाठी, आणि ती ऐकायला माणसे गावोगावहून येत. आपल्या बोलीची लाज बाळगणारा वक्ता बोलण्याआधीच एक पाऊल मागे गेलेला असतो. माझे मत विचाराल तर आकडे, तारखा आणि ठरावाचे शब्द काटेकोर असावेत. बाकीचे बोलणे जसे ओठांवर येते तसे यावे.

याच नादात सुरुवातीला व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव पदांसह घेण्याची प्रथा पडली आहे. एखादे नाव राहिले तर, या धास्तीने बोलणारा तेथेच अर्धा थकतो. ‘अध्यक्ष महोदय आणि सभासद बंधुभगिनींनो’ एवढे पुरे.

ऐन वेळी काही बिघडले तर

शब्दच सुचेनासा झाला तर आधीचे वाक्य सावकाश पुन्हा म्हणावे. ऐकणाऱ्याला ते ठासून सांगितल्यासारखे वाटते आणि आपल्याला कागद पाहायला वेळ मिळतो. मागचा वक्ता काय म्हणाला हेच आठवत नसेल तर त्यात विसरभोळेपणा नाही. पाळीच्या लगेच आधी जे बोलले जाते ते नीट लक्षात राहत नाही, असे प्रयोगांत 1973 मध्येच दिसून आले आहे. म्हणून कोणाला उत्तर द्यायचे असेल तर त्याचा मुद्दा जागेवरच टिपून ठेवावा. हात थरथरत असतील तर पातळ कागद ती थरथर दुप्पट करून दाखवतो. मुद्दे जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पाठीवर लिहावेत. आवाज कापत असेल तर श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे: उठण्यापूर्वी दोन-तीन वेळा, घेतला त्यापेक्षा अधिक वेळ लावून श्वास सोडावा. माईक हनुवटीच्या पातळीवर, तोंडापासून चार बोटे दूर धरावा. तो घेऊन कर्ण्यासमोर गेल्यास शिट्टी वाजते आणि आपलेच काहीतरी चुकले या समजुतीने नवखा माणूस गर्भगळीत होतो. कोणी ‘खाली बसा’ म्हणून ओरडले तर आवाज चढवू नये आणि बसूही नये. ‘एवढे वाक्य पूर्ण करतो’ असे अध्यक्षांकडे पाहून म्हणावे.

देहबोलीचा बाऊही फार करू नये. बोलण्याचा त्र्याण्णव टक्के परिणाम हावभाव आणि आवाजाचा असतो हे वाक्य शिबिरांतून सर्रास ऐकवले जाते, पण ते ज्यांच्या नावावर खपवले जाते त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे मूळ प्रयोग भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरते होते. पाणीपट्टीच्या प्रश्नाला ते लागू नाहीत.

काहींची भीती मात्र याच्या पलीकडची असते. बोलावे लागेल म्हणून कॉलेज बुडवणे, बढती नाकारणे, आठवडाभर आधीपासून झोप उडणे असे घडत असेल, तर त्याला लाजाळूपणा म्हणून सोडून देऊ नये. त्यावर मानसोपचार आहेत आणि ते लागू पडतात; टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो. भाषणापूर्वी धडधड थांबवणारी गोळी मित्राकडून घेऊन खाण्याचा प्रकार मी तरुण मुलांत पाहिला आहे. त्या गोळ्या डॉक्टरांशिवाय घेऊ नयेत. दमा असलेल्याला तर त्या धोक्याच्या ठरू शकतात.

चौदाव्या पानाचा प्रश्न मी पुढच्या वर्षीच्या सभेत, नव्या अहवालाच्या अकराव्या पानावरून विचारला. आवाज पहिल्या वाक्याला फाटला, दुसऱ्याला सावरला. व्यासपीठावरून उत्तर आले, ‘लेखी द्या.’ अनेक जण येथे खजील होऊन खाली बसतात आणि हा आपला पराभव समजतात, पण तो तसा नसतो. प्रश्न आधीच दोन प्रतींत लिहून नेलेला असावा. मी त्याच क्षणी पुढे जाऊन एक प्रत टेबलावर ठेवली आणि दुसरीवर पोच मागितली. शिक्का शोधण्यात कारकुनाची थोडी धावपळ झाली, आणि तेवढा वेळ मी सगळ्या सभेसमोर उभा होतो.