माफिया ३ : लढाईआधी खिसा रिकामा करा

'माफिया ३' (२०१६) या व्हिडिओ गेममध्ये आपण खेळतो तो नायक लिंकन मेला की अंगावरची निम्मी रोकड जाते. गोळीबार, लूट, पुन्हा गोळीबार अशा ओघात हे लक्षात राहत नाही आणि हत्यारं सुधारायला जमवलेले पैसे हातचे जातात.

१. लिंकनचा साथीदार व्हिटो याची कन्सिग्लिएरी (पैसे सांभाळणारी बाई) सेवा सुरू झाली असेल, तर शत्रूच्या अड्ड्यावर हल्ला करण्याआधी तिला फोन करा. ती गाडीने येऊन पैसे घेते आणि तिजोरीत टाकते. एवढी सोयीची सेवा खेळात दुसरी नाही.
२. ही सेवा सुरू नसेल, तर पैसे आपल्या ठिकाणच्या तिजोरीत स्वतः टाका.
३. हत्यारांची व्हॅन बोलावून गोळ्या भरा. पैसे उरले तर नेहमीच्या बंदुकीची अचूकता वाढवा.
४. आत शिरल्यावर भिंतीआडून शिट्टी वाजवा आणि एकेकाला जवळ ओढून गुपचूप संपवा. पहिली गोळी जितकी उशिरा सुटेल तितकं बरं.

जिंकलेले इलाके वाटताना मात्र कॅसँड्रा, बर्क आणि व्हिटो या तिन्ही साथीदारांना काहीतरी द्या. एकालाच सगळं दिलं तर त्याच्याकडून मिळणाऱ्या सवलती लवकर खुल्या होतात, पण डावललेला साथीदार उलटतो आणि त्याच्याशीच लढावं लागतं.