चिनी जन्मपत्रिका कशी मांडावी आणि कशी वाचावी

चिनी ज्योतिष म्हटले की बहुतेकांना जन्मवर्षाचा प्राणी आठवतो. परंतु पारंपरिक चिनी पत्रिकेत त्या प्राण्याचा वाटा आठ अक्षरांपैकी एका अक्षराएवढाच असतो. ‘बाझी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पत्रिकेत वर्ष, महिना, दिवस आणि तास असे चार स्तंभ असतात व प्रत्येक स्तंभात वर एक ‘खोड’ आणि खाली एक ‘शाखा’ लिहितात. लग्न, भाव आणि नवग्रह यांची सवय असलेल्या मराठी वाचकाने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी की, येथे ग्रहांची स्थाने लागत नाहीत. सूर्याचे स्थान तेवढे पाहावे लागते आणि उरलेली सारी मोजणी असते.

खोडे १० आहेत. काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल या पाच तत्त्वांचे याच क्रमाने आधी यांग (सक्रिय, प्रखर) व मग यिन (शांत, सौम्य) असे दोन-दोन प्रकार होतात. म्हणजे १ यांग काष्ठ, २ यिन काष्ठ, ३ यांग अग्नी, असे करत १० यिन जल. शाखा १२ आहेत: उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, शेळी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. दोन्ही माळा एकाच वेळी पुढे सरकतात, त्यामुळे ६० जोड्यांचे एक चक्र तयार होते. आपल्याकडील ६० संवत्सरांचे चक्र असेच फिरते; मात्र दोहोंचा आरंभ एक नाही. चिनी चक्र १९८४ मध्ये नव्याने सुरू झाले, तर आपले प्रभव संवत्सर १९८७च्या गुढीपाडव्याला लागले.

उदाहरणासाठी १ फेब्रुवारी २००० रोजी मुंबईत घड्याळी ११ वाजून २० मिनिटांनी झालेला जन्म घेऊ. ही वेळ मुद्दाम सीमेजवळची निवडली आहे, कारण चुका सीमेवरच होतात.

पहिली पायरी: वेळ शुद्ध करणे

तासाचा स्तंभ स्थानिक सूर्यवेळेवर ठरतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि एका अंशाला ४ मिनिटे या हिशोबाने मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे असते. (जुना ‘मुंबई टाइम’ नेमका एवढाच मागे होता; म्हणून जुन्या नोंदींतील वेळ कोणत्या घड्याळाची आहे हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातील घड्याळे १ तास पुढे होती, हेही विसरू नये.) आपल्या उदाहरणात ११:२० मधून ३९ मिनिटे वजा केल्यावर १०:४१ उरतात. काटेकोर गणित करणारे यात सूर्याच्या असमान गतीची दुरुस्तीही धरतात. ती फेब्रुवारीच्या आरंभी आणखी सुमारे १३ मिनिटे मागे नेते.

दुसरी पायरी: वर्ष आणि महिना

बाझीचे वर्ष १ जानेवारीला बदलत नाही आणि चांद्र नववर्षालाही बदलत नाही. सायन (वसंतसंपातापासून मोजलेला) सूर्य ३१५ अंशांवर आला की, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या आसपास, ते बदलते. आपली पंचांगे निरयन (स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजणारी) असल्यामुळे त्यांतील संक्रांती येथे चालत नाहीत. सूर्यप्रवेशाचा क्षण चिनी पंचांगातून घेतल्यास त्यातून अडीच तास वजा करून तो भारतीय प्रमाणवेळेत आणावा आणि जन्माच्या प्रमाणवेळेशीच ताडून पाहावा. स्थानिक दुरुस्ती येथे लावू नये.

आपला जन्म या क्षणाच्या तीन दिवस आधीचा आहे, म्हणून वर्ष १९९९ धरायचे. वर्षातून ३ वजा करून ६० ने भागावे: १९९६ भागिले ६०, बाकी १६. या क्रमांकाचा शेवटचा अंक खोड देतो (० आल्यास १०) आणि १२ ने भागून उरलेली बाकी शाखा देते (० आल्यास १२). १६ म्हणजे सहावे खोड आणि चौथी शाखा: यिन पृथ्वी–ससा.

महिने वाघापासून सुरू होतात आणि सूर्याच्या प्रत्येक ३० अंशांना बदलतात. वाघ ४ फेब्रुवारी, ससा ६ मार्च, ड्रॅगन ५ एप्रिल, साप ६ मे, घोडा ६ जून, शेळी ७ जुलै, माकड ८ ऑगस्ट, कोंबडा ८ सप्टेंबर, कुत्रा ८ ऑक्टोबर, डुक्कर ७ नोव्हेंबर, उंदीर ७ डिसेंबर आणि बैल ६ जानेवारी, एखाद्या दिवसाच्या फरकाने. वाघ महिन्याचे खोड काढण्यासाठी वर्षाच्या खोडाची दुप्पट करून १ मिळवावा आणि उत्तर १० च्या वर असेपर्यंत १० वजा करत जावेत: १३, म्हणजे ३. तेथून बारावा महिना बैलाचा. त्याचे खोड ४. महिना यिन अग्नी–बैल.

तिसरी पायरी: दिवस आणि तास

दिवसांचे ६०चे चक्र अखंड चालते. १ जानेवारी २००० चा क्रमांक ५५ आहे, एवढे पाठ असले की पुरे. पुढच्या तारखेसाठी दिवस मिळवावेत, मागच्या तारखेसाठी वजा करावेत. ५५ मध्ये ३१ मिळवून ६० वजा केले की २६ येतात: यिन पृथ्वी–बैल.

दिवसाचे १२ विभाग दोन-दोन तासांचे असून उंदराचा विभाग रात्री ११ ला सुरू होतो. रात्री ११ ते १२ मधील जन्माला दिवस कोणता धरावा याबद्दल परंपरांमध्ये मतभेद आहेत. अशा वेळी दोन्ही पत्रिका मांडाव्यात. उंदराच्या विभागाचे खोड म्हणजे दिवसाच्या खोडाची दुप्पट वजा १, येथे ११, म्हणजे १. आपली १०:४१ ही वेळ ९ ते ११ या सापाच्या विभागात येते, तो सहावा आहे, म्हणून यिन पृथ्वी–साप. घड्याळाची वेळ तशीच घेतली असती तर घोडा आला असता.

चौथी पायरी: वाचन

सोंग राजवटीच्या काळातील शू त्झपिंग यांच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत दिवसाचे खोड म्हणजे स्वतः जातक. येथे तो यिन पृथ्वी आहे, शेतातील मऊ माती. यानंतर लगेच तत्त्वे मोजायला बसू नये. आधी जन्माचा ऋतू पाहावा, कारण महिन्याच्या शाखेचे वजन सर्वांत अधिक असते. बैलाचा महिना कडक हिवाळ्याचा, म्हणून ही माती भरपूर असली तरी थंड आणि ओली आहे. तिला ऊब हवी, आणि ती महिन्यातील यिन अग्नी व सापातील अग्नी देतात.

‘तुमच्या पत्रिकेत धातू नाही, जल नाही’ असा निष्कर्ष येथे सहज निघेल, आणि तो चुकीचा ठरेल. शाखांच्या पोटात गुप्त खोडे असतात: बैलात यिन पृथ्वीसोबत यिन जल व यिन धातू, सापात यांग अग्नी, यांग पृथ्वी व यांग धातू, तर सशात केवळ यिन काष्ठ. या पत्रिकेत दोन बैल आहेत. म्हणजे दोन्ही तत्त्वे आहेत, फक्त वर दिसत नाहीत.

पुढे प्रत्येक तत्त्वाचे जातकाशी नाते लावावे. आपल्याला जन्म देणारे तत्त्व विद्या व आधार दाखवते, समान तत्त्व भावंडे व स्पर्धक, आपण जन्म दिलेले तत्त्व कौशल्य व अभिव्यक्ती, आपण जिंकलेले तत्त्व धन, आणि आपल्याला जिंकणारे तत्त्व शिस्त व अधिकार. काष्ठापासून अग्नी, अग्नीपासून पृथ्वी, पृथ्वीपासून धातू, धातूपासून जल, जलापासून पुन्हा काष्ठ हा जन्माचा क्रम. काष्ठ पृथ्वीला, पृथ्वी जलाला, जल अग्नीला, अग्नी धातूला आणि धातू काष्ठाला जिंकते. आपल्या उदाहरणात माती प्रबळ असल्याने तिला वाट करून देणारा धातू आणि आवर घालणारे वर्षातील काष्ठ ही दोन मोलाची ठरतात. जुन्या ग्रंथपरंपरेत धन म्हणजे पत्नी आणि अधिकार म्हणजे पती असेही वाचतात; ही त्या काळच्या घराची रचना आहे आणि आजच्या माणसावर ती जशीच्या तशी लादणे मला अयोग्य वाटते. या शास्त्राला वैज्ञानिक आधार नाही, म्हणून आजार किंवा विवाह यांचे निर्णय त्यावर सोडू नयेत.

शेवटी दशा. यांग वर्षातील पुरुष व यिन वर्षातील स्त्री यांच्यासाठी महिन्याच्या स्तंभापासून पुढे, इतरांसाठी मागे मोजतात. प्रत्येक स्तंभ १० वर्षे चालतो. आरंभाचे वय काढताना त्या दिशेच्या महिनाबदलापर्यंतचे ३ दिवस म्हणजे १ वर्ष धरतात. हा जन्म मुलीचा असेल तर सव्वातीन दिवसांमुळे दशा सुमारे १ वर्ष १ महिन्याच्या वयात यांग पृथ्वी–वाघापासून सुरू होईल. मुलाचा असेल तर मागे सुमारे २६ दिवस मोजून पावणेनऊ वर्षांच्या वयात यांग अग्नी–उंदरापासून, कारण यिन अग्नीच्या मागचे खोड यांग अग्नी आहे. जन्मवेळ ठाऊक नसल्यास तासाचा स्तंभ कोरा ठेवून तीन स्तंभांवरच वाचन करावे. दशांचा क्रम तरीही बदलत नाही, आरंभाच्या वयात काही महिन्यांचा फरक पडतो एवढेच.