गंगाबलला ट्राउट माशांच्या नादाने जाताय? या चुका टाळा

पुण्याहून आमच्या फ्लाय-फिशिंग क्लबचे (गळावर पिसं-दोरे बांधून केलेल्या नकली माशीने, म्हणजे फ्लायने, मासे पकडणारे) सात जण गेल्या ऑगस्टमध्ये काश्मीरला गेलो. हरमुख पर्वताच्या पायथ्याशी नुंदकोल आणि गंगाबल असे दोन तलाव आहेत, तिथे पाच दिवस तंबू ठोकले. मासे मिळाले, पण पहिले दोन दिवस जे हाल झाले ते बहुतेक आम्हीच ओढवून घेतलेले.

सुरुवात श्रीनगरातच होते. मत्स्य विभागाचा परवाना तिथेच काढा. तो ठरावीक पाण्यासाठी आणि ठरावीक दिवसांसाठीच मिळतो, आणि "एवढ्या वर कोण बघायला येतंय" हे चालत नाही. शेगडीचे गॅस कॅनिस्टर विमानात नेता येत नाहीत, तेही तिथेच घ्या. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. आमच्यातल्या तिघांना हे विमानतळावर उतरल्यावर कळलं.

जिथून चढाई सुरू होते ते नारानाग साधारण २१०० मीटरवर आहे, गंगाबल ३५०० च्या वर. "सह्याद्रीत रोज चढतो की" म्हणत आम्ही एका दिवसात वर पोहोचलो. रात्री दोघांचं डोकं ठणकत होतं, एकाला उलट्या. वाटेत ट्रुंखोलच्या कुरणावर एक मुक्काम कराच. डोकं दुखत असताना आणखी वर चढू नका, आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरा. जेवणाचंही तेच. इतक्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. वजन वाचवायला कुकर घरी ठेवला आणि दोन तास उकळूनही तूरडाळ दाताखाली कचकच करत राहिली.

आता मासेमारी. आमची सगळ्यात मोठी चूक लाजिरवाणी होती. सकाळी उठून सगळे गुडघाभर पाण्यात उतरलो आणि जमेल तितक्या लांब फ्लाय फेकू लागलो. तासभर काही नाही. काठावर बसलेला घोडेवाला शेवटी हसत म्हणाला, "साहब, मछली तो आपके पीछे है." खरंच होतं. तलावातला ट्राउट भल्या सकाळी काठालगतच्या उथळ पाण्यात चरत फिरतो. आम्ही त्याच्याच वाटेत पाय रोवून उभे होतो. आधी काठापासून चार पावलं मागे थांबा, वाकून बघा, पहिली कास्ट, म्हणजे फेक, कोरड्या जमिनीवरूनच करा. ओढा जिथे तलावाला मिळतो ती जागा तर सोडूच नका.

मासा फ्लायला टोचून जातो पण अडकत नाही? माझे असे पाच गेले. मी टिपेट (फ्लाय बांधतात तो दोरीचा शेवटचा बारीक तुकडा) बदललं, फ्लाय बदलायच्या विचारात होतो, आणि मग गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं. धारदार टोक नखात रुततं, माझं घसरलं. टोकच उडालेलं होतं! मागे दगडांचा उतार होता आणि बॅककास्ट, म्हणजे फेकीआधी मागे नेलेली दोरी, प्रत्येक वेळी फ्लायसकट खडकावर आपटत होती. अशा जागी दोरी मागे न नेता पुढे टाकायची रोल कास्ट करा आणि दर दहा-पंधरा फेकींनी नखावर तपासा.

दुपारी वारा सुटतो. तेव्हा लीडर (जाड दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा) नऊ फुटांऐवजी साडेसात फुटांचा लावा. उजव्या हाताने टाकत असाल तर वारा डाव्या बाजूने येईल असं उभं राहा, नाहीतर फ्लाय कानात. चष्मा हवाच. फोटोसाठी मासा कोरड्या हातांनी धरू नका, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हात ओले करा, पाण्यातच गळ काढा आणि सोडा.

गंगाबल हे काश्मिरी पंडितांचं तीर्थ, इथे अस्थी विसर्जन करतात. रामकुंडाच्या पायरीवर कुणी मासे साफ करायला बसला तर आपल्याला कसं वाटेल? शिवाय या भागात अस्वलं आहेत, तंबूजवळ माशांचा वास नकोच. खाण्यापुरते चार ठेवले होते. त्यांची आतडी आम्ही घट्ट झाकणाच्या डब्यात भरून रात्री तंबूंपासून शंभरेक पावलं लांब ठेवली आणि परतताना खाली आणली. डबा घोड्यावर लादायला घोडेवाला काही तयार होईना. शेवटी डबा माझ्याच पाठीवर आला.