सॉफ्टवेअर पागडीवर घ्यायचं की लिव्ह अँड लायसन्सवर

मामाचा गोरेगावला गाळा आहे, इलेक्ट्रिकल सामानाचा सप्लाय, माणसं ७. गाळ्याच्या कोपऱ्यात एक काळा डबा असायचा, त्याला सगळे सर्व्हर म्हणायचे, बाजूला चोवीस तास टेबल फॅन आणि वर गणपतीचा स्टिकर. बिलिंग, स्टॉक, पार्ट्यांची उधारी सगळं त्या डब्यात. दर शनिवारी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा, म्हणजे घ्यायचं ठरलेलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा डबा जमिनीवर होता आणि पेनड्राइव्ह डब्यालाच लावलेला. पुढचे दोन महिने मामा पार्ट्यांना फोन करून विचारत होता की बाबा, तुझ्याकडे माझे किती बाकी आहेत? जास्त कोणी सांगितले नाहीत, कमी मात्र बऱ्याच जणांनी सांगितले.

तरी मामाने पुन्हा डबाच घेतला, फक्त या वेळी टेबलावर ठेवला. भाड्याच्या सॉफ्टवेअरवर तो आला २०१९ ला, आणि ते सगळं सेटिंग मी करून दिलं, त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितोय.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. याला सास म्हणतात, सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस, मामाला वाटलं सासूबद्दल काहीतरी बोलतोय. मुंबईकराला हे समजावणं सोप्पं आहे. जुनं सॉफ्टवेअर म्हणजे पागडीची खोली. एकदाच मोठी रक्कम मोजायची, मग नाममात्र भाड्यात राहा पाहिजे तितकी वर्षं, पण छप्पर गळलं तर मालक फिरकत नाही, दुरुस्ती तुमची तुम्ही करा. सास म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, दर महिन्याला भाडं, नळ बिघडला तर मालक बघणार, आणि भाडं थांबलं की खोली खाली करायची. त्यात तुमच्या मालकीचं काहीच नाही, फक्त तुमचं सामान तुमचं. सामान म्हणजे डेटा, आणि पुढचा अर्धा लेख त्या सामानाबद्दलच आहे.

चालतं कसं तर सॉफ्टवेअर तुमच्या मशीनवर नसतंच, ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं, तुम्ही ब्राउजर उघडून किंवा मोबाइल ॲपमधून लॉगिन करता आणि स्क्रीन तेवढी तुमच्याकडे दिसते, बिल बनलं की ते तिकडे सेव्ह होतं. क्लाउड म्हणतात म्हणून वर आकाशात बघू नका, ऐरोली, महापे, पवईला ज्या बिनखिडक्यांच्या एसी इमारती दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच डेटा सेंटर आहेत. ॲमेझॉनने स्वतःचं क्लाउड मुंबईत २०१६ ला आणलं, गूगलने २०१७ ला. बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे सर्व्हर असतीलच असं नाही, बऱ्याच जणी अशाच मोठ्या लोकांकडून जागा भाड्याने घेतात आणि आपल्याला पोटभाड्याने देतात.

आणि खरी गंमत ही की बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर एकच चालू असतं, त्यावर हजारो धंदे. एकाच बिल्डिंगमधे सगळे, पण प्रत्येकाच्या डेटावर त्याचा नंबर मारलेला, मामाने लॉगिन केलं की फक्त मामाच्या नंबरचा माल पुढे येतो, शेजारच्या गाळ्याचा नाही. यामुळेच ते महिन्याला काहीशे रुपयात परवडतं, आणि यामुळेच अपडेट एकदा केला की सगळ्यांना मिळतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मामाच्या डब्यात व्हॅटवालं सॉफ्टवेअर होतं, ते बदलायला माणूस यायला ९ दिवस लागले कारण तो अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे गाळा ते गाळा फिरत होता, तोपर्यंत बिलं हाताने. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब गेले, तेव्हा सकाळी लॉगिन केलं तर नवीन दर येऊन बसलेले, आपण फक्त कुठल्या मालाला कुठला दर लागतो ते सीएला विचारून घेतलं. मला विचाराल तर धंदेवाले याच्याकडे वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, बाकी सगळी ब्रोशरमधली भाषा.

ही कल्पना काही कालची नाही. ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर देणारी सेल्सफोर्स कंपनी १९९९ ला सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली आणि 'नो सॉफ्टवेअर' अशी पाटी घेऊन फिरली. २०१३ ला ॲडोबीने सांगून टाकलं की फोटोशॉपची नवीन व्हर्जन यापुढे पेटीत मिळणार नाही, भाड्यानेच घ्या, तेव्हा डिझाइनवाल्यांनी खूप शिव्या घातल्या आणि मग गपचूप भरायला लागले. आपल्याकडची झोहो १९९६ ला ॲडव्हेंटनेट नावाने निघालेली, मुक्काम चेन्नईला, तीही यातच मोठी झाली.

आता पैसे. सगळे म्हणतात स्वस्त पडतं. मांडून बघू, आकडे नुसते हिशोबासाठी धरलेत. ७ युजर, प्रत्येकी महिना ५०० रुपये, वर्षाचे ४२,०००, वर १८ टक्के जीएसटी ७,५६०, म्हणजे ४९,५६०. जीएसटी नंबर असेल तर ते ७,५६० इनपुट क्रेडिटमधे परत मिळतात, कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठोक टक्क्याने कर भरणाऱ्या छोट्या धंद्यांना, नाही मिळत. ५ वर्षांचे जीएसटी सोडून २,१०,०००. जुन्या पद्धतीने लायसन्स ९०,०००, दुसऱ्या वर्षापासून एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे, १५,००० म्हणजे ४ वर्षांचे ६०,०००, डबा ८०,०००, झाले २,३०,०००. फरक २०,००० चा, तोही ५ वर्षांत. आणि युजर ७ चे १० झाले की भाडं जास्त होणार. त्यामुळे स्वस्त म्हणून घेऊ नका. घ्यायचं ते यासाठी की पहिल्याच दिवशी पावणेदोन लाख अडकत नाहीत, डब्याची काळजी नाही, आणि माणूस गाळ्यात नसला तरी काम चालतं. मामा बोरिवली फास्ट लोकलमधे उभ्या उभ्या स्टॉक बघून कोटेशन पाठवतो, हे त्या डब्यावर कधी जमलं नसतं.

घ्यायचं ठरवलंत तर पहिलं काम कागदावर. गेल्या महिन्यात खरोखर काय काय केलं ते लिहा, किती बिलं, किती गोडाऊन, माल पाठवताना ई-वे बिल लागतं का, सीएला काय पाठवता. डेमो देणारा मुलगा तुम्हाला ४० फीचर दाखवेल, तुमचं काम ६ वर चालतं, ती ६ त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने करून बघा, त्याला करू देऊ नका.

दुसरं, आणि इथे जरा थांबा. ट्रायल मिळते १४-१५ दिवसांची, तिचा पहिला दिवस बाहेर पडण्यात घालवा. म्हणजे १० खरी बिलं टाका, ५ पार्ट्या टाका आणि लगेच एक्सपोर्टचं बटण शोधा. एक्सेल किंवा सीएसव्हीमधे सगळं निघतं का, पार्टीचं नाव, जीएसटी नंबर, तारीख, मालाची ओळ न ओळ, भरलेले पैसे? मी हे केलं नाही. आम्ही आधी एक सॉफ्टवेअर घेतलं, नाव नको, दीड वर्षाने त्यांनी भाडं वाढवलं म्हणून सोडायला गेलो तर एक्सपोर्ट फक्त पीडीएफ, ३,००० च्या वर पीडीएफ. पीडीएफ म्हणजे खोली सोडताना सामान न देता सामानाचे फोटो देण्यासारखं आहे. दोन मुलं बसवून महिनाभर टाइप केलं. ॲग्रीमेंटमधे हेही बघा की बंद केल्यावर डेटा किती दिवस ठेवतात, ३० दिवस, ९० दिवस, आणि पुसल्याचं लेखी देतात का. ग्राहकांचे नंबर पत्ते तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून फुटले तरी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी तुमचीच धरलीय, त्यांच्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

अकाउंट कोणाच्या ईमेलवर उघडायचं, ही गोष्ट इतकी फालतू वाटते की कोणी विचारच करत नाही. आमचं अकाउंट बिलिंग बघणाऱ्या मुलाच्या पर्सनल मेलवर होतं कारण त्या दिवशी तोच मोकळा होता. तो नोकरी सोडून गेला, चांगला मुलगा, भांडण काही नाही, पण पासवर्ड रीसेटचा मेल त्याच्याकडे जायचा, आणि तो गावाला, नेटवर्क नाही. ४ दिवस बिलं बंद. तर धंद्याच्या नावाचा एक मेल काढा, ॲडमिन त्याच्यावर, आणि ओटीपीचा मोबाइल नंबर मालकाचा. एकच लॉगिन सगळ्यांनी वापरून युजरचे पैसे वाचवायचा मोह होतो, पण मग बिल कोणी बदललं ते कळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे कोणी कधी काय बदललं याची नोंद राहणं कायद्यानेच लागतं, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. गोडाऊनच्या माणसाला नुसतं बघायचं असेल तर फक्त बघण्यापुरता युजर स्वस्तात मिळतो का विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतो पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

जुना डेटा नेताना घाई नको. मामाकडे एकच पार्टी चार नावांनी होती, श्री इलेक्ट्रिकल, श्री इलेक्ट्रिकल्स, श्रीइलेक्ट्रिक आणि नुसतंच 'श्री ठाणे'. नावाने जुळवायला गेलात तर वेडे व्हाल, १५ अक्षरी जीएसटी नंबर धरून जुळवा, ज्यांचा नाही त्यांचा मोबाइल. १ एप्रिलपासून सुरू करा म्हणजे ओपनिंग बॅलन्स स्वच्छ येतो. मार्चमधे सॉफ्टवेअर बदलायचं काढलंत तर तुमचा सीए तुमचा फोन उचलणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. महिनाभर जुनं नवं दोन्ही चालवा, त्रास होतो, तरी चालवा.

नेटचं काय, हा प्रश्न मामाने पहिल्याच दिवशी विचारलेला, आणि योग्य होता. रस्ता खोदला की फायबर जातो, आणि आपल्याकडे रस्ता कधी खोदलेला नसतो? एक फायबर आणि एका वेगळ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी, एवढं पुरतं, बिलाला डेटा काही जास्त लागत नाही. त्यांचा सर्व्हर बंद पडला तर मात्र आपण काही करू शकत नाही. ते लिहितात ९९.९ टक्के चालू, म्हणजे महिन्यात ४३ मिनिटं बंद राहू शकतं, ९९ टक्के लिहिलं असेल तर ७ तासांच्या वर. हा दशांशानंतरच्या एका आकड्याचा फरक वाचा. आणि ते बॅकअप घेतात म्हणून आपण घ्यायचा नाही असं नाही, महिन्यातून एकदा एक्सपोर्ट करून फाइल गाळ्याच्या बाहेर ठेवा, २६ जुलै आम्हाला हेच शिकवून गेली.

प्रत्येकाला हे लागतंच असंही नाही. एकटा माणूस, एक मशीन, महिन्याला २० बिलं, त्याला जुनं सॉफ्टवेअर बरं, वहीसुद्धा चालेल. मोठ्या व्हिडिओ फाइल कापणाऱ्यानेही सगळं नेटवर टाकायची घाई करू नये.

राहिलं रिन्युअल. पहिल्या वर्षी डिस्काउंट देतात, दुसऱ्या वर्षीचा भाव काय ते पहिल्याच दिवशी मेलवर लिहून घ्या, आणि भाव डॉलरमधे असेल तर रुपया पडला की तुमचं भाडं वाढलं. कार्डावर टाकून विसरून जाऊ नका. आरबीआयच्या नियमाने ऑटो पेमेंटच्या निदान २४ तास आधी मेसेज येतो आणि १५,००० च्या वरची रक्कम ओटीपी टाकल्याशिवाय कटत नाही, म्हणजे वर्षाचं पेमेंट आपोआप होईल म्हणून बसलात तर एका सकाळी अकाउंट बंद दिसेल. उलट महिन्याचं छोटं पेमेंट मात्र तुम्ही सॉफ्टवेअर सोडलं तरी कटत राहतं, ते बंद करायला सॉफ्टवेअर डिलीट करून चालत नाही, बँकेच्या ॲपमधे जाऊन मॅन्डेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची दिलेली परवानगी, काढायला लागतो. रिन्युअलच्या महिनाभर आधी बसा, कोण युजर वापरतच नाहीत ते काढा, भाव कमी करायला सांगा, बऱ्याचदा करतात.

मामा मोबाइलच्या रिमाइंडरवर विश्वास ठेवत नाही. गाळ्यात कालनिर्णय टांगलेलं आहे, त्यावर रिन्युअलच्या एक महिना आधीच्या चौकटीत लाल पेनाने 'भाडं' लिहिलंय, आणि खाली माझा फोन नंबर.