ख्रिस्ताच्या मागे जायचे ठरवल्यावर

सभेत गाणी ऐकून डोळे भरून आले, म्हणून त्याच रात्री बाप्तिस्मा मागू नये. बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे येशूने स्वतः सांगितले आहे (लूक १४:२८), आणि तो हिशेब घाईने होत नाही. कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने बायबलमधला नवा करार दिला आणि त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. तरीही त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पुष्कळ वाचन आणि मंथन झाल्यावर, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत.

वाचनाची सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या चरित्रापासून करावी. त्याचे १६ अध्याय आहेत. रोज एक अध्याय मोठ्याने वाचावा आणि जे वचन अडेल त्यापाशी थांबावे. प्रार्थना आपल्या घरच्या बोलीत करावी. दार लावून घेण्याइतकी खोली सगळ्यांच्याच घरात नसते. शेतातल्या आखाड्यावर किंवा पहाटे अंगणातही चालते.

त्यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे, आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होते. वेदीपाशी अर्पण आणले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा आहे (मत्तय ५:२३-२४). आपल्याकडे हा भाऊ बहुधा बांधापलीकडे असतो. दरवर्षी नांगरणीच्या वेळी एकेक तास (नांगराची रेघ) कोरून आपण त्याचे वीतभर रान आपल्यात ओढले असेल, तर केवळ ‘प्रभू, क्षमा कर’ म्हणून भागत नाही. दोघांनी मिळून मोजणी करून घ्यावी, खुणेचे दगड पूर्वीच्या जागी बसवावेत आणि चूक आपली होती हे त्याच्यासमोर उच्चारावे. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेल्याची चौपट परतफेड कबूल केली होती. समोरच्याने मात्र लगेच गळाभेट घ्यावी, अशी अपेक्षा धरू नये.

घरच्यांना अंधारात ठेवू नये आणि त्यांच्या मागेही लागू नये. लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी आणि स्वतःच्या विचाराने. उलट, जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी वसवलेल्या बेथेलसारख्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत जन्मलेल्या तरुणालाही हा निर्णय वारसाहक्काने मिळत नाही. पाळण्यात असताना झालेल्या बाप्तिस्म्याला त्याने जाणत्या वयात स्वतः होकार द्यावा लागतो, आणि दृढीकरणाचा विधी त्यासाठीच असतो.

मन ठरले की पाळकसाहेबांना भेटावे, शिकवणीचा काळ पूर्ण करावा आणि एकाच मंडळीशी बांधून घ्यावे. नोकरी, पैसा किंवा औषधपाणी मिळेल असे सांगून कोणी बाप्तिस्मा देऊ करत असेल, तर तिथून उठून यावे.

‘दररोज आपला वधस्तंभ उचलून’ मागे यावे, असे लूक ९:२३ मध्ये आहे. त्यातला ‘दररोज’ आपण फार सहज वाचून जातो. ऊसतोडीला पाच-सहा महिने बाहेर जाणाऱ्याची उपासना हमखास सुटते. अशा वेळी निघण्यापूर्वी पाळकांना मुक्काम कळवावा, शुभवर्तमानाची लहान प्रत पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या वर ठेवावी आणि कोपीवर (तोडकऱ्यांच्या झोपडीवर) शेजारी आणखी कोणी विश्वासी असेल, तर गाडी भरून झाल्यावर दोघांनी मिळून एक अध्याय वाचावा.