मागोमेहून त्सुमागोकडे चाला, उलटं नको

जपानच्या किसो खोऱ्यात वसंतात जाणार असाल तर मागोमे ते त्सुमागो हा जुन्या नाकासेन्दो मार्गाचा सुमारे 8 किलोमीटरचा तुकडा चालाच. सुरुवात मात्र मागोमेहून करा. ते गाव उंचावर आहे, त्यामुळे खिंडीपर्यंतची चढण थोडक्यात आटोपते आणि पुढे उतारच उतार. रमतगमत तीन तास धरा. वाटेत पितळी घंटा टांगलेल्या दिसतील. त्या अस्वलांना दूर ठेवण्यासाठी आहेत, प्रत्येक घंटा खणखणीत वाजवूनच पुढे जा.

तोक्योतली साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, मार्चअखेरीस फुलते, पण इथे थंडी रेंगाळते, म्हणून साधारण एप्रिलचा मध्य गाठा. 29 एप्रिल ते 5 मेचा सुट्ट्यांचा हंगाम टाळलेलाच बरा. खोल्या मिळत नाहीत.

आता शाकाहारी मंडळींसाठी खास. मिनशुकूत, म्हणजे घरगुती मुक्कामात, जेवण आधीच ठरतं आणि साध्या भाजीच्या रश्शातही बहुधा 'दाशी', म्हणजे सुक्या माशाचा अर्क असतो. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. खोली ठरवतानाच "मासा नको, दाशीही नको" असं जपानीत लिहून कळवा. आयत्या वेळी सांगितलं तर यजमान बिचारे ओशाळतात आणि आपल्या ताटात नुसता भात उरतो. थेपले, चटणी जवळ असू द्या. रोख येनही ठेवा, लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.